माळरानावरच्या शाळेत वन्यजीव संवर्धन शिकवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या पट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते आठवीची मुलं, शाळेमागे माळ. वन्यजीव सप्ताहात चित्रकला, घोषवाक्यं, 'वाघ वाचवा'ची प्रभातफेरी सगळं यथासांग झालं, आणि त्याच आठवड्यात कंपाउंडपाशी निघालेली धामण मुलांनीच दगडांनी ठेचली. बाई विचारतात: आमच्याकडे जंगल नाही, वाघ नाही, निधी नाही. महिन्यातले दोन शनिवार हातात आहेत. पालकांपुढे विषय काढायची सोय नाही, कारण लांडगा कोकरं नेतो. सुरुवात कुठून करू? मुलं प्रत्यक्ष करतील काय? आणि दुर्बीण घ्यावी का?

शाळांमधून मी हेच काम करत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बाई, आधी धामणीचं. दोष मुलांच्या माथी मारू नका. ज्या पोराने आठवडाभर वाघाच्या पट्ट्यांत रंग भरले त्याला धामण आणि नाग यांतला फरक कुणी दाखवलाय? वाघ त्याने पाहिलेला नाही, बहुधा पाहणारही नाही. वाघाशी बरं किंवा वाईट वागायची वेळ त्याच्यावर येणारच नाही. धामण, घोरपड, खोकड, टिटवी यांच्याशी मात्र त्याची रोज गाठ पडते, आणि तिथे दगड त्याच्या हातात असतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: शाळेची घंटा जिथवर ऐकू जाते तेवढाच मुलूख शिकवा, आणि त्या मुलखातलं भीतीचं, नुकसानीचं, भांडणाचं जे काही असेल ते वगळू नका. एकदा हे ठरवलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

'आमच्याकडे जंगल नाही' हे वाक्य तर आजपासून बंदच करा. माळ म्हणजे उजाड, पडीक, कामाची नसलेली जमीन असं आपल्या डोक्यात बसलंय, आणि सरकारी दप्तरातही गवताळ माळांची नोंद बऱ्याचदा पडीक म्हणूनच होते. त्याच माळावर लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, काळवीट, चिंकारा, ससा, साळिंदर, घोरपड, तित्तर, लावा, चंडोल, धाविक राहतात. हिवाळ्यात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात आणि कुसळीच्या गवतावरून वीतभर उंचीने तरंगत नाकतोडे टिपतात. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी, बारामतीजवळचं सुप्याचं मयुरेश्वर, सोलापूरजवळचं नान्नज ही तिन्ही अभयारण्यं माळाचीच आहेत. तुमच्या मुलांना हे ठाऊक नसेल असं समजू नका. त्यांना प्राणी ठाऊक असतात. आपण राहतो ती जागा 'निसर्ग' या सदरात मोडते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पहिल्या शनिवारी म्हणून काहीच शिकवू नका. फळ्यावर दोन रकाने आखा, 'स्वतः पाहिलं' आणि 'ऐकलं', आणि विचारा की आपल्या शिवारात कोण कोण राहतं. नावं मुलं सांगतील तीच लिहा, पुस्तकातली सुचवू नका. वाद होतील, होऊ द्या. एक जण म्हणेल तरस माणसाला भुलवून नेतं. दुसरा म्हणेल मांडुळाला दोन तोंडं असतात. तिसरी सांगेल की तिच्या आजोबांनी घोरपड खाल्ली होती. कुणालाही 'छे, असं नसतं' म्हणायचं नाही. 'कुणी पाहिलं? कुठे? कधी?' एवढंच विचारायचं. त्या तासाभरात मांडुळाचं दुसरं तोंड दुसऱ्या रकान्यात जातं आणि मेंढपाळाचं पोर, जे एरवी शेवटच्या बाकावर गप्प असतं, वर्गाचं केंद्र होतं. हा कागद जपून ठेवा. पुढचं वर्षभर एकेक नोंद दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात आणायची, हेच काम.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं साधन म्हणजे ठशांची पाटी. कुंपणाच्या खिंडाराजवळ किंवा पाण्याच्या टाकीच्या ओलीजवळ चार-पाच फूट लांबरुंद जागा निवडायची, खडे वेचायचे, चाळलेली बारीक माती बोटभर जाडीची पसरायची आणि शाळा सुटताना फळीने सपाट करायची. सकाळी परिपाठाआधी वाचायची. पहिल्या दिवशी कुत्रं, शेळी आणि कुणाची तरी चप्पल. मुलं हिरमुसतात. मग बारकाईने पाहायला लावा. कुत्र्याच्या ठशात पुढे नखांची टोकं उमटतात, मांजराच्या ठशात उमटत नाहीत, कारण ते नखं आत ओढून चालतं. मुंगसाचा ठसा छोटा आणि नखं लांब. सरड्याच्या दोन पावलांमधून शेपटीची रेघ जाते. भुंगेऱ्याची शिवण वेगळी, सापाची नागमोडी घसट वेगळी. ठसा फुटपट्टीने मोजायचा, वहीत खऱ्या मापात काढायचा, खाली दोन ओळी: 'दिसलं काय' आणि 'वाटतं काय'. 'चार बोटं, नखं आहेत, लांबी ५ सेंमी' हे दिसलं. 'खोकड असावं' हे वाटलं. या दोन ओळी वेगळ्या लिहायची सवय लागली की विज्ञानाचा निम्मा अभ्यास झाला म्हणा, आणि गावातली 'बिबट्या आलाय'ची अफवाही निम्म्याने खाली येते. पाचवीची पोरं वडिलांना 'ठसा दाखवा, नखं आहेत का बघू' असं विचारताना मी ऐकली आहेत. चांगला ठसा मिळाला तर दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी कालवून त्यावर ओता, अर्ध्या तासाने उचला, धुऊन वर्गात ठेवा. पेपरातून कापलेल्या वाघाच्या फोटोपेक्षा तो साचा मुलं जास्त दिवस जपतात.

आता साप. हा विषय जूनमध्येच घ्या, नागपंचमीच्या आधी. 'साप शेतकऱ्याचा मित्र' एवढं सांगून मोकळं होणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यात खेड्यांतली माणसं सर्वाधिक. तुमच्या वर्गातही एखाद्या घरी हे घडलेलं असू शकतं. मुलांची भीती खरी आहे हे आधी कबूल करा, तरच पुढचं ते ऐकतील.

मग आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप नीट शिकवा. नाग फण्याने ओळखू येतो, पण फणा काढला तरच. मण्यार काळीशार, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, ते शेपटीकडे जास्त ठळक. ती रात्री फिरते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की जमिनीवर झोपलेल्या माणसाला कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. घोणस जाडजूड, पाठीवर गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. फुरसं छोटं, पण चिडकं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. यांच्याजवळ धामणीचं चित्र लावा: लांबलचक, चपळ, निमुळतं डोकं, फणा नाही, विष नाही, खाणं उंदीर. दिवड, नानेटी, तस्कर, मांडूळ, कवड्या हेही दाखवा. कवड्या आणि मण्यार यांत मोठी माणसंही फसतात, म्हणून वर्गाचा नियम सोपा ठेवा. ओळखायला शिकायचं, पण ओळखलं म्हणून हात लावायचा नाही. साप दिसला की थांबायचं, मागे सरकायचं, एकाने दुरून नजर ठेवायची, एकाने मोठ्या माणसाला हाक मारायची.

त्याच दिवशी दंशाची रंगीत तालीम घ्या. एक मूल 'जखमी'. त्याला धीर देऊन निजवायचं, चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही, अंगठी-कडं काढायचं, १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, देवळात न्यायचं नाही, साप पकडून न्यायचीही गरज नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष या चारही सापांवर एकच चालतं. ही तालीम करून घरी गेलेलं मूल आजीला रात्री खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपायला सांगतं आणि स्वतः बॅटरी घेतल्याशिवाय परसात जात नाही. धामण वाचते ती त्यानंतर. घरात माणूस सुरक्षित आहे असं वाटल्याशिवाय कुणीही साप सोडून देत नाही.

सर्पमित्राला बोलवायचं असेल तर बोलवा, पण पिशवीतले साप घेऊन येणाऱ्याला नको. हातात नाग धरून टाळ्या मिळवणारा माणूस पाहून मुलं एवढंच शिकतात की साप धरणं मर्दुमकीचं असतं.

लांडग्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा खरा पेच हाच आहे.

ज्या मुलीच्या वाड्यातून रात्री दोन कोकरं गेली तिच्यासमोर 'लांडगा निसर्गाचा समतोल राखतो' म्हणाल तर तुमचा शब्द तिथेच संपला. तिचं नुकसान वर्गात मोठ्याने मांडायला हवं. मी मुलांना घरोघरचा हिशेब करायला लावतो. गेल्या पावसाळ्यापासून आपल्या घरची किती कोकरं-करडं दगावली आणि कशाने? आंत्रविषार, पीपीआर असे शेळ्या-मेंढ्यांचे रोग, थंडी, भटकी कुत्री, चोरी, गाडीखाली, लांडगा. आजोबांना विचारून आणायचं, फळ्यावर खुणा करायच्या. बऱ्याच ठिकाणी रोगराईची रेघ लांडग्याच्या रेघेपेक्षा लांब निघते. काही ठिकाणी निघत नाही. जे निघेल ते तसंच फळ्यावर राहू द्या, आपल्या सोयीचा आकडा शोधायचा नाही. मग पुढचे प्रश्न मुलंच विचारतात: आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी कुणी टोचली? वाघर (कळपाभोवतीचं जाळीचं कुंपण) किती उंच होती, कुठे फाटली होती? कोकरं मधे होती की कडेला? कुत्रं राखणीला होतं का? हे संवर्धनच आहे, बाई. लसीने चार कोकरं वाचली तर लांडग्याने नेलेल्या एकाचा राग थोडा तरी सोसवतो, आणि वाघर धड असली की ते एकही कदाचित जात नाही.

भरपाईची माहितीही मुलांमार्फत घरी जाऊ द्या. वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारलं तर शासन भरपाई देतं. त्यासाठी मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही आणि वेळ न दवडता वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यायचा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवा. घोषवाक्यापेक्षा बरा दिसतो. पैसे उशिरा येतात ही पालकांची तक्रार तुम्हाला ऐकावी लागेल आणि ती बहुतेक वेळा खरी असते. वनरक्षकाला शाळेत बोलवाल तेव्हा ती त्यांच्यापुढे मांडा, मुलांच्या देखत मांडली तरी चालेल. कायद्याचं मात्र शेवटी सांगा. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे, हे मुलांना माहीत हवं. पण धमकीने सुरुवात केलीत तर पुढच्या खेपेला बिळात धूर कुणी घातला ते तुम्हाला कुणीच सांगणार नाही. एक पथ्य कडक पाळा: लांडग्याची किंवा खोकडाची वीण असलेली जागा मुलांना कळली तरी तिकडे सहल न्यायची नाही, फोटो काढायचा नाही, गावात बोलायचं नाही. पिल्लं बहुधा हिवाळ्यात असतात आणि त्याच दिवसांत माणसाची वर्दळ त्यांच्या जिवावर बेतते.

बिबट्या तुमच्याकडे ऊस वाढला तसा येऊ लागला असेल. तिथे जुन्नर भागात माणसं जे करायला शिकली तेच सांगायचं: अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जायचं, परसाकडे उघड्यावर बसायचं नाही, कुत्रं-शेळी रात्री बंद गोठ्यात. ऊसतोडीत बछडी सापडली तर हात लावायचा नाही, मादी जवळपासच असते. वनविभागाला कळवलं की बछडी त्याच जागी ठेवून तिच्याकडे परत जायची सोय करतात. यापुढे बिबट्यावर वर्गात फार वेळ घालवू नका, टीव्ही ते काम पुरेसं करतो.

आणि झाडं. इथे मी बऱ्याच शाळांचा रोष ओढवून घेतो. वन महोत्सवाला माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावणं हे तुमच्या गावात वन्यजीव संवर्धन नाही, उलट आहे. मारवेल, पवना, शेडा, कुसळी हे गवत हेच माळाचं जंगल. चंडोल, धाविक, तित्तर जमिनीवर अंडी घालतात, काळवीट दूरवर दिसतं म्हणून वाचतं. तिथे दाट झाडी उभी केली की ते निघून जातात. माळढोकाचं उदाहरण द्या. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज नान्नजला माळढोक दिसणं जवळपास थांबलंय. मोकळा माळ तुकड्या-तुकड्यांनी गेला. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, वस्त्या आल्या, विजेच्या तारा आल्या, आणि हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे नुकसान भरून निघायला वेळच मिळत नाही. ही कारणांची साखळी सातवीच्या मुलांना छान कळते. झाडं लावायचीच असतील तर बांधाला, ओढ्याच्या कडेला, शाळेच्या आवारात लावा: बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब. माळाचा एखादा तुकडा, अगदी शाळेच्या मागचा दोन गुंठ्यांचाही, चराई आणि आग यांपासून एक वर्ष राखून पाहा. शेजारच्या चरलेल्या तुकड्यात आणि त्यात दर महिन्याला गवताची उंची मोजा, फुलपाखरं मोजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटवतात, त्याआधी मुलांच्या हातात ही दोन तुकड्यांची तुलना असेल तर ग्रामसभेत बोलायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

मार्चनंतर टिटवी शोधा. तुमच्या मैदानाच्या कडेला, खडीच्या ढिगापाशी एखादी जोडी नक्की असेल. घरटं म्हणजे जमिनीतली उथळ खळगी, भोवती बारीक खडे, मधे बहुधा चार अंडी, टोकं आत वळवलेली, रंग हुबेहूब मातीचा. मुलांना तीस पावलांवर दोरी आखून द्या, त्याच्या आत कुणी जायचं नाही. बाहेरून काय दिसतं ते टिपायचं. कोण बसलंय, किती वेळाने पाळी बदलते, उन्हं तापली की काय होतं? पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, हे मुलांनी स्वतः पाहिलं की दुपारच्या सुट्टीतही कुणी उठत नाही. कुत्रं जवळ आलं की टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावते, गाय आली तर पंख पसरून उभी राहते. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं निघतात आणि काही तासांत चालू लागतात. आईबापाने इशारा दिला की जमिनीला चिकटून अशी निपचित पडतात की समोर असून दिसत नाहीत. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं गावात म्हणतात. हसून सोडून देऊ नका. घरट्याची जागा आणि त्या साली झालेला पाऊस दरवर्षी लिहून ठेवा. आठवीची मुलं जाताना वही पाचवीच्या हाती देऊन जातील, आणि काही वर्षांनी त्या म्हणीबद्दल तुमच्या शाळेला स्वतःचं मत असेल.

'मुलं प्रत्यक्ष करतील काय?' हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक उपक्रम 'जागृती'पाशीच संपतात. मुलांच्या आवाक्यातली कामं शोधावी लागतात. पहिलं काम शाळेतच आहे. उरलेली खिचडी कंपाउंडबाहेर ओतली जाते, तिच्यावर कुत्री पोसली जातात, तीच कुत्री माळावर ससा धरतात, टिटवीची पिल्लं खातात, चिंकारा पळवून दमवतात, आणि त्यांच्यापासून खोकड-लांडग्यांना रोग लागतात. उरलेल्या अन्नासाठी झाकणाचा खड्डा करा. दुसरं, प्लास्टिक अंथरलेली शेततळी. पाणी प्यायला उतरलेला प्राणी त्या गुळगुळीत कागदावरून वर येऊ शकत नाही आणि बुडतो. माणसांची पोरंही तशीच बुडाली आहेत. काठाला बांधून आत सोडलेला गाठी मारलेला जाड दोर किंवा टायरांची माळ, एवढ्याने जीव वाचतो. मुलांनी फक्त नकाशा करायचा: कोणत्या गटात शेततळं, दोर आहे का? कोणत्या विहिरीला कठडा नाही? जवळ जायचं नाही, घरच्यांना विचारून भरायचं. हा नकाशा ग्रामपंचायतीत द्या. तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर तरी, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवहीही असते. ती मागून घ्या, मुलांच्या वह्यांशी ताडून पाहा. मजा येते. तिसरं, संक्रांतीचा नायलॉन मांजा. त्यावर बंदी आहे, तरी दुकानात मिळतो. तो न घेणं आणि झाडांत अडकलेला काढून मांजामुक्त फांद्या मोजणं हे पूर्णपणे मुलांच्या हातात आहे.

आणखी एक, जनावरांच्या इंजेक्शनाचं. गिधाडांची गोष्ट सांगा. दुखण्यावर गाईला डायक्लोफेनॅक टोचलं, गाय मेली, गिधाडांनी ती खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नव्वदच्या दशकात आकाश बघता बघता रिकामं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. मुलांनी घरी एवढंच विचारायचं की डॉक्टर आले तर गिधाडांना न बाधणारं मेलॉक्झिकॅम द्या म्हणाल का?

गलोलवाल्या पोराबद्दल वेगळं लिहितो. प्रत्येक वर्गात एक असतो. लावा कुठे बसतो, होला कधी पाण्याला येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्याची गलोल सर्वांसमोर जप्त करू नका. पक्षीगणनेचा म्होरक्या त्यालाच करा आणि महिनाभर थांबा. वर्गात पारधी समाजाची मुलं असतील तर जास्त जपून. त्यांच्या आजोबांची फासे लावायची विद्या ही माळाची सखोल माहिती आहे, आणि इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने त्यांच्यावर मारलेला 'गुन्हेगार जमात' हा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला तरी गावातून पुरता गेलेला नाही. 'शिकारी' हा शब्द वर्गात कुणाच्याही घराला चिकटू देऊ नका.

वेळापत्रकाचं फार ताणू नका. जूनमध्ये साप, २ ते ८ ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात पोस्टरऐवजी ठशांच्या वह्यांचं प्रदर्शन, ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात भोवत्यांची मोजणी, जानेवारीत मांजा, मार्चपासून टिटवी. पक्षी सप्ताहाच्या दोन टोकांना अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे जन्मदिवस आहेत, त्यानिमित्त दोघांची ओळख होऊन जाते. परिसर अभ्यास आणि विज्ञानाच्या तासांत हे सगळं बसतं, वेगळा विषय मागू नका. मागितलात तर वेगळा अहवालही लिहावा लागेल. गुण द्यायचेच असतील तर वहीतल्या 'दिसलं' आणि 'वाटतं' या ओळी वेगळ्या आहेत का, एवढ्यावर द्या. चित्र सुंदर आलं म्हणून नको.

दुर्बीण पहिल्या वर्षी नको. तीस मुलांत एक दुर्बीण म्हणजे एकोणतीस मुलं रांगेत उभी आणि पक्षी उडून गेलेला. त्या पैशात फुटपट्ट्या, मापाची टेप, जाड वह्या आणि प्लास्टर घ्या. दुसऱ्या वर्षी, मुलं नुसत्या डोळ्यांनी शांत बसून पाहू लागली की ८×४० च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या) दोन घ्या, त्यापेक्षा जास्त मोठं करून दाखवणाऱ्या नकोत. लहान हातांत त्या थरथरतात आणि पक्षी सापडतच नाही. देताना पट्टा गळ्यात घातल्याशिवाय डोळ्याला लावायची नाही आणि सूर्याकडे कधीच धरायची नाही, हे दोन नियम आधी पाठ करून घ्या.